चाल्कोपायराइट आणि उष्णतेपासून वीज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. एम.एस्सी.च्या पोरांना प्रोजेक्टसाठी थर्मोइलेक्ट्रिक पदार्थ हा विषय सुचवायला लागल्यापासून प्रश्नांचा ओघ सुरू झाला. काही विद्यार्थ्यांचे, काही त्यांच्या घरच्यांचे, एकदोन राईस मिलवाल्यांचे. तेच ते प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. प्रश्न शक्यतो विचारले तसेच ठेवले आहेत.

थर्मोइलेक्ट्रिक म्हणजे नेमकं काय?

पदार्थाचं एक टोक गरम आणि दुसरं थंड ठेवलं की दोन्ही टोकांमध्ये व्होल्टेज तयार होतं. हे सीबेकने १८२१ मध्ये पाहिलं. उलट बाजूनं वीज सोडली तर एक टोक गार पडतं, हे पेल्टिएने १८३४ मध्ये दाखवलं. यात टर्बाइन नाही, वाफ नाही, हलणारा एकही भाग नाही, त्यामुळे झीज आणि आवाज दोन्ही नाहीत. १९७७ मध्ये निघालेली व्हॉयेजर यानं याच तत्त्वावर चालतात: प्लुटोनियमची उष्णता आणि सिलिकॉन-जर्मेनियमचे तुकडे. जमिनीवरचं उदाहरण हवं असेल तर १९५०च्या दशकात सोव्हिएत खेड्यांमध्ये रॉकेलच्या कंदिलावर बसवायचा जनित्र मिळायचा आणि त्यावर रेडिओ चालायचा.

धातूंमध्ये हा परिणाम फार कमी असतो, एका अंशाला काही मायक्रोव्होल्ट. अर्धवाहकांमध्ये (सेमीकंडक्टरमध्ये) तो शेकड्यांत जातो. १९५०च्या सुमारास सोव्हिएत शास्त्रज्ञ इयोफे यांनी अर्धवाहकांवर भर दिला आणि तेव्हापासून हा विषय खरा पुढे सरकला.

चाल्कोपायराइट कोणता दगड? आपल्याकडे सापडतो का?

पितळेसारखा पिवळा, जुना झाला की वरून निळा-जांभळा रंग चढणारा. तांबे, लोह आणि गंधक यांचं संयुग. वजनानं तांबे साधारण ३४.६ टक्के, लोह ३०.४ आणि उरलेलं गंधक. जगातलं तांबं सर्वांत जास्त याच खनिजातून निघतं. गोंदियाच्या सीमेपलीकडे बालाघाट जिल्ह्यात मलांजखंडची जी खाण आहे, तिथलं मुख्य तांबे-खनिज हेच. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात थानेवासनालाही चाल्कोपायराइटचा साठा आहे. आयुर्वेदात सुवर्णमाक्षिक म्हणतात ते साधारण हेच.

पायराइट, म्हणजे नुसत्या लोह-गंधकाचा दगड, दिसायला जवळपास सारखा असतो. पोरं दहापैकी पाच वेळा त्याच्यावरच समाधान मानतात. साधी परीक्षा: चाकूनं ओरखडा काढा. चाल्कोपायराइटला ओरखडा पडतो, पायराइटला पडत नाही. बिनझिलईच्या फरशीवर घासला तर रेघ हिरवट काळी उमटते.

एक गोष्ट लक्षात ठेवा. संशोधनपत्रात "चाल्कोपायराइट" म्हटलं की दर वेळी हा दगडच अभिप्रेत नसतो. पाउलिंग आणि ब्रॉकवे यांनी १९३२ मध्ये या खनिजाची रचना नक्की केली. तशी रचना असलेल्या सगळ्या संयुगांच्या घराण्यालाच ते नाव पडलं. सोलर सेलमधलं कॉपर इंडियम सेलेनाइड त्याच घराण्यातलं.

झेडटी, झेडटी काय लावलंय सगळ्यांनी?

पदार्थ किती कामाचा हे एका आकड्यात सांगायची सोय. सीबेक गुणांकाचा (एका अंशाच्या फरकाला मिळणाऱ्या व्होल्टेजचा) वर्ग, गुणिले विद्युतवाहकता, गुणिले केल्विनमधलं तापमान, भागिले उष्णतावाहकता. एकक नाही, नुसता आकडा. बाजारात मिळणाऱ्या बिस्मथ टेल्युराइडचा झेडटी खोलीच्या तापमानाला साधारण १ असतो.

सूत्र पाठ असून उपयोग नाही, त्यातली ओढाताण कळली पाहिजे. इलेक्ट्रॉन वाढवले की विद्युतवाहकता वाढते, पण सीबेक गुणांक घसरतो. वर इलेक्ट्रॉन स्वतःसोबत उष्णताही वाहून नेतात, म्हणजे खालचा भाजकही फुगतो. एक दाबलं की दुसरं वर येतं. या क्षेत्रातलं सत्तर वर्षांचं काम म्हणजे या तीन राशी एकमेकींपासून सोडवायची धडपड आहे.

मग चाल्कोपायराइटमध्ये विशेष काय? अडचण काय?

विशेष म्हणजे सीबेक गुणांक. भेसळ नसलेल्या नमुन्यात तो खोलीच्या तापमानाला उणे ४०० ते ५०० मायक्रोव्होल्ट प्रति अंश इतका मिळतो. उणे, कारण वाहक, म्हणजे वीज वाहून नेणारे कण, इलेक्ट्रॉन आहेत. त्यात लोह असल्यामुळे पदार्थ चुंबकीयही आहे. शेजारशेजारच्या लोहअणूंची चुंबकीय दिशा उलटसुलट असते आणि ही शिस्त सुमारे ८२३ केल्विनपर्यंत टिकते. वाहणारे इलेक्ट्रॉन या चुंबकीय लोहअणूंशी अडखळत चालतात, म्हणून ते जड असल्यासारखे वागतात, आणि जड वाहकांचा सीबेक गुणांक मोठा राहतो. जपानच्या त्सुकुबा शहरातल्या राष्ट्रीय पदार्थविज्ञान संस्थेतले त्सुजी आणि मोरी यांनी २०१३ मध्ये लोह किंचित वाढवून आणि तांबं किंचित घटवून खोलीच्या तापमानाच्या आसपासच चांगला पॉवर फॅक्टर (सीबेक गुणांकाचा वर्ग गुणिले विद्युतवाहकता) दाखवला, साधारण १ मिलिवॉट प्रति मीटर प्रति केल्विन वर्ग. स्वस्त गंधक-संयुगासाठी हा आकडा भारीच.

अडचण उष्णतावाहकतेची. खोलीच्या तापमानाला ती ५ ते ८ वॉट प्रति मीटर-केल्विनच्या घरात जाते. बिस्मथ टेल्युराइडची दीड-दोनच्या आसपास. रचना हिऱ्याच्या जातीची, अणूंचे बंध ताठ, त्यामुळे उष्णतेच्या लहरी बिनअडथळा धावतात. कमावलेलं सगळं तिथे वाहून जातं. माझं सरळ मत असं की या पदार्थावर काम करायचं तर तीन-चतुर्थांश डोकं उष्णता अडवण्यात घालावं. पॉवर फॅक्टर आधीच बरा आहे, त्याच्यामागे लागून थोडं मिळतं.

जस्त घालतात ते कशासाठी?

तांब्याच्या जागी जस्त बसलं की एक इलेक्ट्रॉन जास्तीचा मिळतो. शुद्ध नमुन्यात वाहक कमी असतात, त्यामुळे सीबेक मोठा असूनही वीज नीट वाहत नाही. जस्तानं ती वाहू लागते. थोडं गंधक कमी ठेवून किंवा लोह वाढवूनही हेच साधतं.

गंमत पुढे आहे. जस्त काही टक्क्यांपर्यंतच अणूंच्या जाळीत सामावतं. त्याहून जास्त टाकलं की उरलेलं झिंक सल्फाइडच्या अतिसूक्ष्म कणांच्या रूपात आतच वेगळं पडतं. एरवी आपण याला भेसळ म्हणून नाक मुरडलं असतं. इथे हे कण उष्णतालहरी विखुरतात आणि झेडटीला हातभार लावतात.

उष्णता अडवायची आणि वीज सोडायची, हे एकाच वेळी कसं?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आणि बहुतेक वेळा मागच्या बाकावरून येतो.

धुऱ्यावरचं कुंपण असं हवं की रोही (नीलगाय) अडावा, वारा अडू नये. उष्णता वाहून नेणाऱ्या लहरींना फोनॉन म्हणतात. त्यातले बरेच अडथळा न लागता दहा, शंभर नॅनोमीटर किंवा त्याहून जास्त पल्ला गाठतात. इलेक्ट्रॉनचा पल्ला सहसा त्याहून बराच कमी, काही नॅनोमीटरचा. मग वीसतीस नॅनोमीटरवर अडथळे पेरले तर फोनॉन त्यांच्यावर आदळतात, इलेक्ट्रॉनला फारसा फरक पडत नाही.

फोनॉनही सगळे एका मापाचे नसतात, म्हणून अडथळेही वेगवेगळ्या मापाचे लागतात. अगदी आखूड लहरींसाठी अणूच्या पातळीवरचा बदल पुरतो: काही गंधकाच्या जागी सेलेनियम, काही तांब्याच्या जागी चांदी. अणूचं वजन आणि आकार बदलला की आखूड लहर तिथे फुटते. मधल्या मापासाठी वर सांगितलेले नॅनोकण. लांब लहरींसाठी दाण्यांच्या सीमा, म्हणजे पदार्थ बॉल मिलमध्ये बारीक दळून पुन्हा घट्ट दाबायचा.

याहून वेगळी एक युक्ती आहे आणि मला ती सर्वांत आवडते. जाळीत असा अणू घुसवायचा की तिथली चार शेजाऱ्यांमधली बैठक त्याला जमतच नाही. चाल्कोपायराइटमध्ये प्रत्येक अणूला चार शेजारी असतात. इंडियमसारखा अणू तांब्याच्या जागी बसवला की तो मध्यभागी न बसता एका बाजूला सरकू पाहतो आणि आजूबाजूची जाळी ढिली करतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात अशा विसंवादी अणूंमुळे उष्णतावाहकता मोठ्या प्रमाणात पडलेली दिसली, आणि तीही फार थोड्या इंडियमनं. नॅनोकणांना काळजीपूर्वक शिजवावं लागतं, वाढू न देता सांभाळावं लागतं. हा अणू मात्र जाळीचाच भाग होऊन बसतो.

एवढं सगळं करूनही तांबे-लोह-गंधकवाल्या चाल्कोपायराइटचा झेडटी ७०० केल्विनच्या आसपास ०.३ ते ०.४ च्या घरात घुटमळतो. आकडा छोटा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग त्या घराण्यातले जास्त झेडटीवाले कोण?

टेल्युरियमवाले. कॉपर गॅलियम टेल्युराइडसाठी ओसाकाच्या गटानं २०१२ मध्ये ९५० केल्विनला १.४ इतका झेडटी नोंदवला. त्याच वर्षी कॉपर इंडियम टेल्युराइडसाठी ८५० केल्विनला १.१८ जाहीर झाला. यांच्यात वाहक होल असतात, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, ज्या धन भारासारख्या वागतात. उष्णतावाहकता खोलीच्या तापमानाला बरीच असली तरी तापमान चढेल तशी झपाट्यानं उतरते, हे त्यांचं बळ.

अडचण अर्थातच टेल्युरियमची. पृथ्वीच्या कवचात ते सोन्याइतकंच दुर्मीळ, आणि त्याच्यासाठी सहसा वेगळी खाण काढली जात नाही. मुख्यतः तांबं शुद्ध करताना खाली बसणाऱ्या गाळातून ते मिळतं. गॅलियमही स्वस्त नाही. म्हणून गंधकवाल्या जुन्या दगडाकडे लोक पुन्हा पुन्हा वळतात.

"सूडोक्युबिक" म्हणजे काय? पेपरात दर दोन पानांवर येतो.

चाल्कोपायराइटच्या रचनेत पुन्हा पुन्हा येणारी अणूंची पेटी चौरस तळाची आणि उभी असते; उंची तळाच्या बाजूच्या साधारण दुप्पट. बरोबर दुप्पट असती तर ती दोन सारखे घन एकावर एक रचल्यासारखी झाली असती. प्रत्यक्षात थोडी कमीजास्त असते आणि त्या विकृतीमुळे वरचे ऊर्जापट्टे (वाहकांना मुभा असलेल्या ऊर्जेच्या पातळ्या) एकमेकांपासून फुटतात. सीबेक गुणांकासाठी पट्टे एका पातळीवर असणं चांगलं. जास्त पट्ट्यांतून वाहक वाहतात आणि सीबेक न घसरता वाहकता वाढते. २०१४ मध्ये झांग जियावेई आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की उंची आणि तळाच्या दुपटीचं गुणोत्तर १ च्या अगदी जवळ असलेली संयुगं निवडावीत, किंवा एक थोडं कमी आणि एक थोडं जास्त अशी दोन मिसळून ते १ वर आणावं. म्हणजे क्ष-किरण विवर्तनाच्या साध्या मोजमापावरूनच कोणतं मिश्रण आशादायक हे आधी ताडता येतं. ज्या कॉलेजात महागडी यंत्रं नाहीत पण विवर्तनाचे आलेख मिळतात, त्यांच्यासाठी ही फार सोयीची दिशा आहे.

उन्हाळ्यात टिन एवढं तापते, त्याच्यावर हे चिकटवलं तं पंखा चालन का?

नाही चालणार, भाऊ. हिशोब सांगतो. टिन ६० अंशांवर, सावलीतली हवा ४५ वर. फरक १५ अंशांचा. निसर्गाच्या नियमानं यातून कोणतंही यंत्र साडेचार टक्क्यांहून जास्त काढूच शकत नाही. झेडटी १ धरला तरी त्यातला जेमतेम सहावा हिस्सा हाती येतो, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. आणि तो १५ अंशांचा फरक पदार्थाच्या दोन बाजूंवर पडतच नाही; बराचसा हवेतच संपतो. त्याच टिनावर सोलर पॅनेल टाकलं तर सुमारे २० टक्के मिळतात. ज्याला शेतात किंवा घरात वीज हवी त्यानं सोलरच घ्यावं.

मंग एवढी मेहनत काहून करायची?

जिथे ऊन नाही पण उष्णता वाया जाते तिथल्यासाठी. गरम बाजू ४०० आणि थंड बाजू ५० अंशांवर ठेवता आली तर झेडटी ०.३ च्या पदार्थानं साधारण साडेचार टक्के आणि १ च्या पदार्थानं अकरा टक्क्यांच्या पुढे मिळायला हवेत, तेही कागदावर. प्रत्यक्षात जोडण्यांत आणि संपर्कात बरंच गळतं.

कोराडी किंवा चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या चिमणीवर लावा, असं पोरं हमखास सुचवतात. पण चिमणीत जाणारा धूर आधीच पिळून काढलेला असतो, सव्वाशे-दीडशे अंशांच्या आसपास. त्याहून खाली आणला तर गंधकाचं आम्ल साचून पत्रा खातं. सिमेंटच्या कारखान्यातला फिरता भट्टा त्यापेक्षा बरा. त्याचं बाहेरचं कवच दोन-तीनशे अंशांवर नुसतं तापत पडलेलं असतं, तिथे वाफेचं यंत्र बसवणं अवघड आणि चपटे तुकडे लावणं सोपं. सिमेंट भट्ट्यांच्या गरम वायूवर मात्र वाफेची टर्बाइन लावतात, आणि मोठ्या प्रमाणात तीच सरस ठरते.

राईस मिलवाल्या काकांना मी वेगळं सांगतो. उसना (उकडा) तांदूळ करायच्या बॉयलरच्या धुरात उष्णता आहेच, पण ती आधी पाणी गरम करायला वापरा. भुसा वाचेल, तो रोकडा फायदा. थर्मोइलेक्ट्रिक त्यानंतर.

घरी किंवा शाळेत करून पाहता येण्यासारखं काही?

नागपुरात बर्डीवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पेल्टिए मॉड्यूल मिळतं. चार सेंटिमीटर चौरस पांढरी वडी, टीईसी१-१२७०६ हा नेहमीचा प्रकार. आत बिस्मथ टेल्युराइडच्या १२७ जोड्या असतात. एका बाजूला गरम पाण्याचा डबा, दुसऱ्या बाजूला माठातल्या पाण्याचा, मध्ये थोडं थर्मल ग्रीस. पन्नास अंशांचा फरक पडला की दीड-दोन व्होल्ट दिसतात आणि लाल एलईडी पेटतो. वडी चुलीवर ठेवू नका. आतलं झाळण सुमारे १३८ अंशांना वितळतं आणि वडी कायमची मरते.

खनिजाचा तुकडा असेल तर त्याहून छान प्रयोग आहे. ताजा, स्वच्छ फुटलेला पृष्ठभाग घ्या. मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर. लाल टोक सोल्डरिंग गननं तापवा आणि दगडाला टेकवा, काळं टोक थंडच दुसरीकडे टेकवा. आकडा अधिक आला तर वाहक इलेक्ट्रॉन, उणे आला तर होल. चाल्कोपायराइटवर अधिक यायला हवा. टोक सरकलं तर आकडा नाचतो, म्हणून हात स्थिर ठेवा आणि थोडं दाबून धरा.

आमच्याकडे स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंग नाही. प्रोजेक्ट कसा करायचा?

हे म्हणजे भुकटी दाबून, विजेनं झटपट तापवून घट्ट गोळी करायचं तंत्र. ते नसलं तर अडत नाही, पण घनतेची काळजी दुप्पट घ्यावी लागते. मूलद्रव्यं मापून क्वार्ट्झच्या नळीत, हवा काढून, नळी सील करायची. तापमान हळूहळू चढवायचं. गंधक ४४५ अंशांना उकळतं आणि घाई केली तर नळी फुटते. नंतर कांडून किंवा बॉल मिलमध्ये दळून, गोळी दाबून, पुन्हा बंद नळीत भाजायची. उघड्यावर भाजू नका. सुमारे ५५० अंशांच्या वर हा पदार्थ गंधक सोडू लागतो. गंधक गेलं की इलेक्ट्रॉन वाढतात आणि तुम्ही जस्ताचा परिणाम मोजताय की गंधक गेल्याचा, हे कळेनासं होतं.

विवर्तन आलेखात बॉर्नाइट किंवा पायऱ्होटाइट या दुसऱ्या सल्फाइड खनिजांची शिखरं दिसली तर ती लिहा, झाकू नका. गोळी ९० टक्क्यांपेक्षा कमी घनतेची असेल तर उष्णतावाहकता आपोआप कमी दिसते आणि झेडटी वाढल्याचा भास होतो. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक पहिला प्रश्न नेमका हाच विचारतात.

पेपरमधला झेडटी कितपत खरा धरायचा?

तीन वेगळी मोजमापं गुणून-भागून तो येतो. सीबेक गुणांकाची चूक वर्गामुळे दुप्पट होते. उष्णतावाहकता तर थेट मोजतच नाहीत. लेझर फ्लॅशनं विसरण (उष्णता किती वेगानं पसरते ते) मोजून त्याला घनता आणि विशिष्ट उष्मा गुणतात, आणि विशिष्ट उष्मा कित्येकदा सरळ सूत्रातून घेतलेला असतो. दहा ते वीस टक्के इकडेतिकडे सहज होतं. तेव्हा ०.३० वरून ०.३३ झाला म्हणून पेढे वाटू नका. एका नमुन्याच्या दोन वेगळ्या घाण्यांमध्ये तेवढा फरक पडतो.

जनित्रासाठी दोन प्रकारचे पाय लागतात ना? चाल्कोपायराइटचा जोडीदार कोण?

हो, एक तुकडा इलेक्ट्रॉनवाल्या पदार्थाचा आणि एक होलवाल्या. चाल्कोपायराइट इलेक्ट्रॉनवाला, होलवाला पाय म्हणून टेट्राहेड्राइट शोभतं. तेही तांबे आणि गंधकाचंच खनिज, त्यात अँटिमनी. त्याची उष्णतावाहकता जन्मजात फार कमी, आणि ७०० केल्विनच्या आसपास झेडटी १ च्या जवळ गेल्याच्या नोंदी आहेत. दोघांमध्ये टेल्युरियम नाही, शिसं नाही. अडचण अशी की एक पाय दुसऱ्यापेक्षा बराच सरस असला तर जोडीची क्षमता कमजोर पायाकडे ओढली जाते, म्हणून चाल्कोपायराइट सुधारण्याला एवढं महत्त्व.

भारतात कोणी यावर काम करतं का?

थर्मोइलेक्ट्रिकवर भरपूर. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमधले कनिष्क बिस्वास यांच्या गटानं २०२१ मध्ये कॅडमियम मिसळलेल्या सिल्व्हर अँटिमनी टेल्युराइडसाठी ५७३ केल्विनला २.६ इतका झेडटी जाहीर केला. ते चाल्कोपायराइट नव्हे, पण अणूंची मांडणी सुधारून वाहक आणि फोनॉन दोघांनाही कसं वळवता येतं हे शिकायला ते काम वाचावंच.

पोराच्या प्रयोगशाळेतून वास येतो. धोका आहे का?

सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. सल्फाइडवर आम्ल पडलं की निघतो. नाकाला सवय होऊन वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असं नाही, बाहेर या. जळकट, खोकला आणणारा वास सल्फर डायऑक्साइडचा. सेलेनियम आणि टेल्युरियमचं काम फ्यूम हूडखालीच. टेल्युरियम अंगात गेलं तर श्वासाला लसणाचा वास येतो आणि बरेच दिवस जात नाही. घरी लसूण न खाता तसा वास यायला लागला तर मला लगेच फोन करायचा, आणि पोरानं हातमोजे घातले होते का ते विचारायचं.